अर्थ लागला!

"डी.सी. सिरीज मोटर कुठे कुठे वापरतात?"

मागच्या सेमच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी हा प्रश्न टाकला आणि मी एका श्वासात उत्तर दिलं, "ट्रॅक्शन, क्रेन, होइस्ट." पाठ होतं. तुम्हा सगळ्यांनाही पाठ असेल. सर चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "घरात आहे का एखादी?" मी म्हटलं, "नो सर." सर म्हणाले, "घरी गाडी?" मी म्हटलं, "व्हॅन आहे सर." सर म्हणाले, "मग?" मी गप्प! सरांनी हसून शीटवर काहीतरी लिहिलं. किती लिहिलं ते रिझल्टच्या दिवशी कळलं. असो!

त्या "मग?"चं उत्तर मला यंदाच्या ऑक्टोबरात, आमच्या मोहन्याच्या घरासमोर, भर पावसात मिळालं. आणि ते देणारे होते आमचे आबा. म्हणजे आजोबा. शिक्षण सातवी.

सुरुवातीलाच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटमधली. शाळेत मराठी ही तिसरी भाषा आणि तीही पास होण्यापुरती. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजूनही गोंधळ होतो. भाजीवाल्या मावशींनी "एकोणपन्नास" म्हटलं की मी सरळ शंभराची नोट पुढे करते. तेव्हा या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर मला नाही, मराठी विभागाच्या संपादकांना धरा. त्यांनीच मला हॉस्टेलच्या जिन्यात गाठून "काहीतरी दे गं" म्हणून पिच्छा पुरवला. पण खरं सांगू का, हा लेख मराठीतच लिहायला माझ्याकडे एक कारण आहे. ते शेवटी सांगते.

मोहने कुठे आहे, हे हॉस्टेलमध्ये मला दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल पकडा. शहाड गेलं की आंबिवली. तिथे उतरलात की आमचं मोहने. पलीकडे उल्हास नदी, पुढच्या स्टेशनाला टिटवाळ्याचा गणपती. आणि मधोमध एन.आर.सी., म्हणजे नॅशनल रेयॉन. आमच्या गावात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही काय करत होता?" असं विचारलं तर दहातले बरेच जण "कंपनीत होतो" एवढंच म्हणतात. कुठली कंपनी, ते सांगायची गरज पडत नाही. आबा तिथे इलेक्ट्रिशियन होते. २००९ साली कंपनी बंद झाली, त्याच्या आधीच ते रिटायर झाले होते. मी काही ती कंपनी चालू असताना पाहिल्याचं मला आठवत नाही. मला आठवतात ते आबांचे हात. त्यांच्या उजव्या अंगठ्याला स्क्रू-ड्रायव्हरने पडलेला कडक घट्टा आहे, तो अजून गेलेला नाही.

बाबांची शाळेची व्हॅन आहे. सकाळी अकरा पोरं, दुपारी नऊ. त्याच व्हॅनवर आमचं घर चालतं आणि माझी मेसही.

आता मुख्य कहाणी.

जूनमध्ये बाबा फोनवर म्हणाले, "ॲक्सिलेटरची केबल जड लागत होती, बदलून घेतली." मी "हं" म्हटलं आणि विसरून गेले. (ही ओळ लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, म्हणून तर एवढा सगळा लेख लिहावा लागतोय.) जुलैत पहिला झटका बसला. सकाळी चावी फिरवली तर इंजिन फिरेना. नुसता एक "टक" असा आवाज. पुन्हा चावी, पुन्हा "टक". चौघांनी धक्का मारला तर लगेच चालू! गॅरेजवाला म्हणाला, "बॅटरी वीक झालीय." नवी बॅटरी आली, चार हजार दोनशे गेले. दहा दिवस बरे गेले, आणि पुन्हा "टक".

गणपतीला मी घरी गेले. इलेक्ट्रिकलची मुलगी घरात आल्यावर बाबांना केवढा आधार वाटला! शेजारच्या काकांना त्यांनी अभिमानाने सांगितलं, "आता आमची इंजिनीयरच बघेल." मग काय, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला तीनशे रुपयांचा मल्टिमीटर सॅकमधून काढला, ओढणी कमरेला खोचली आणि व्हॅनची पुढची सीट उचलली. आमच्या व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं. गल्लीतली पोरं जमली. एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, पोरगी गाडी खोलतेय!" मला तर एकदम हिरोइन असल्यासारखं वाटलं.

थोडं तांत्रिक सांगते. मेकॅनिकलवाल्यांनी हसू नये आणि कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये.

चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिले काही फेरे मारून देणारी मोटर म्हणजे स्टार्टर. आपल्याकडे गॅरेजमध्ये तिला कुणी स्टार्टर म्हणत नाही, "सेल्फ" म्हणतात. सेल्फवर दोन कामं असतात. तिच्या डोक्यावर एक सोलेनॉइड बसलेला असतो. चावीतून थोडासा करंट आला की तो आतला दांडा खेचतो. त्या एका खेचण्यात सेल्फची छोटी दातेरी चकती पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या रिंगच्या दातांत अडकते, आणि त्याच वेळी तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जुळून बॅटरीचा मोठा करंट मोटरमध्ये सुटतो. तो "टक" आवाज या सोलेनॉइडचा. मोठा म्हणजे किती? छोट्या गाडीलाही शंभर अँपिअरच्या आसपास. आपल्या हॉस्टेलच्या खोलीतला पंखा अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, यावरून अंदाज करा!

मोटर उभी असताना बॅक ई.एम.एफ. शून्य, म्हणून करंट सगळ्यात जास्त, म्हणून टॉर्कही सगळ्यात जास्त. अडलेलं इंजिन फिरवायला नेमकं हेच लागतं. सिरीज मोटर म्हणूनच इथे बसते. (आता बऱ्याच गाड्यांच्या सेल्फमध्ये फील्ड वाइंडिंगऐवजी कायमचे चुंबक आणि आत गिअर असतो, पण तत्त्व तेच.) एक्स्टर्नल सरांच्या "मग?"चं उत्तर हे होतं.

दुखणं ओळखायचं ते आवाजावरून. चावी फिरवून काहीच आवाज नाही आणि दिवे मात्र लख्ख, तर चावीचा करंट सोलेनॉइडपर्यंत पोचतच नाही. फ्यूज, रिले, चावीचा स्विच बघा. "टक-टक-टक-टक" असा भराभर आवाज आणि दिवे मिणमिणते, तर बहुतेक बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलला खार चढलाय. सोलेनॉइड खेचतो, मोठा करंट सुटताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सोडतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा खेचतो, असा तो खेळ चालतो. मोटर भुर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, तर चकती दातांत अडकत नाही, म्हणजे बेंडिक्स गेला. आणि दिवे लख्ख, एकच दणदणीत "टक" आणि मग शांतता, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा मोटरचे कार्बन झिजलेत. म्हणजेच सेल्फ गेला.

आमचं काय होतं? दिवे लख्ख. एकच "टक". बॅटरी नवीकोरी, १२.५ व्होल्ट. तरी मी शहाणपणाने अर्थिंगची पट्टीही तपासली. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवला, एक काडी इंजिनाला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. "बीप!" वायर ठीक. मी हात झटकले आणि निकाल जाहीर केला, "बाबा, सेल्फ गेलाय. शंभर टक्के."

आबा दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. त्यांना आता कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "किती खातंय ते बघितलंस का गं?" मला वाटलं, जेवणाचं विचारतायत. मी मोठ्याने म्हटलं, "आबा, मोदक खाल्ले मी!" सगळे हसले. आबाही हसले, आणि मग काही बोलले नाहीत.

विसर्जनानंतर बाबांनी जुना सेल्फ देऊन बदल्यात रिकंडिशन्ड सेल्फ बसवला. व्हॅन झकास चालू झाली. फोनवर बाबा म्हणाले, "तू म्हणालीस तेच निघालं." तो दिवस मी हॉस्टेलमध्ये कशी मिरवले, ते माझ्या रूम पार्टनरला विचारा.

त्याच सुमारास आमच्या इंडस्ट्रियल व्हिजिटचे साडेतीन हजार भरायचे होते. बाबा म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पाठवतो." पुढच्या आठवड्यातही तेच. मी वैतागून म्हटलं, "बाबा, सगळ्यांचे भरून झाले, माझेच राहिलेत. दर वेळी असंच करता तुम्ही." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "उद्या करतो बेटा." दुसऱ्या दिवशी पैसे आले. कुठून आले ते मी विचारलं नाही. व्हिजिटला गेले, फोटो काढले, रिपोर्ट सबमिट केला.

ऑक्टोबरात मिड-सेम संपवून दोन दिवसांसाठी घरी गेले. परतीचा पाऊस धो धो कोसळत होता. पोरांची सहामाही परीक्षा चालू. सकाळी सहा वीसला बाबांनी चावी फिरवली आणि मला अंथरुणात ऐकू आलं, "टक".

मी उठून बसले. पुन्हा "टक".

बाहेर गेले तर बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसलेले. काही बोलले नाहीत. फोन वाजत होता. पहिल्या स्टॉपवरचं पोरगं छत्री घेऊन उभं असणार, त्याच्या आईचा फोन. आईने शेजाऱ्यांना उठवलं. मी, आई, ते काका आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा, चौघांनी चिखलात धक्का मारला. सेकंड गिअर, क्लच सुटला, व्हॅन चालू झाली आणि बाबा गेले. मी पावसात तशीच उभी. आई टॉवेल देत म्हणाली, "गेल्या महिन्यात दोन पोरं कमी झाली. ह्यांच्या व्हॅनला भरवसा नाही म्हणून दुसरी लावली. आणि तो सेल्फ बसवायला तुझ्या ट्रीपचे ठेवलेले पैसे गेले, म्हणून उशीर झाला. तुला सांगू नको म्हणाले होते."

ट्रीप! आई इंडस्ट्रियल व्हिजिटला ट्रीपच म्हणते.

मित्रांनो, के.टी. लागली की पोटात खड्डा पडतो, तो तुम्हाला माहीत आहे. हा खड्डा वेगळा होता. के.टी.ची फी आपल्या चुकीची असते. इथे माझ्या "शंभर टक्के"ची फी बाबांनी भरली होती आणि वरून माझं बोलणंही खाल्लं होतं.

आठ वाजता बाबा परत आले. मी मल्टिमीटर घेऊन बसले होते, पण काय मोजायचं तेच सुचेना. बॅटरी नवी, सेल्फ बदललेला, वायर "बीप" वाजवतेय. मग उरलं काय?

मी आबांच्या खुर्चीजवळ गेले आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होता? किती खातंय म्हणजे?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुझं ते यंत्र बीप वाजलं, म्हणून तू वायर पास केलीस. अगं, घंटी वाजवायला उंदीर पुरतो. गाडा ओढायला बैल लागतो. उंदीर गेला त्या वाटेनं बैल जाईल का?"

मला काही समजलं नाही. खरंच सांगते. म्हणून ते खुर्ची सरकवून व्हॅनपाशी आले, वर पत्रा होता म्हणून बरं. म्हणाले, "व्होल्टवर ठेव. एक काडी बॅटरीच्या मायनसला. वायरच्या चिमट्याला नको, थेट बॅटरीच्या शिशाला. दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. आता बाबाला चावी मारू दे."

गाडी न्यूट्रलला आहे, हँडब्रेक ओढलाय, हे आबांनी दोनदा विचारून घेतलं. बाबांनी चावी फिरवली. "टक".

"किती?"

"एट पॉइंट वन."

"मराठीत सांग."

"आठ… आठ पूर्णांक एक."

"हितं किती पाहिजे?"

मी विचार केला. बॅटरीचा मायनस आणि इंजिनाचं लोखंड जाड तारेने जोडलेले, म्हणजे दोन्ही एकच नोड. "शून्य पाहिजे आबा. फार तर पाव-अर्धा व्होल्ट."

"मग बाकीचे आठ कुणी खाल्ले?"

ते "खाणं" हे होतं! आबा कंपनीत तीस वर्षं ज्याला "व्होल्टेज खाणं" म्हणत, त्याला आमच्या पुस्तकात व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. मी सेकंड इयरला त्याच्यावर चाळीस गणितं सोडवली आहेत. पण गणितात वायरचा रेझिस्टन्स दिलेला असायचा, किंवा "निग्लेक्ट करा" असं लिहिलेलं असायचं. इथे तोच निग्लेक्ट केलेला रेझिस्टन्स आमची व्हॅन अडवून बसला होता.

हिशोब बघा. समजा ८० अँपिअर करंट जातोय आणि वाटेत ८ व्होल्ट पडतायत. रेझिस्टन्स किती? एक दशांश ओहम. फक्त ०.१ ओहम! माझ्या मल्टिमीटरच्या काड्या एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.४ दाखवतो, मग त्याला हा एक दशांश कसा दिसणार? कंटिन्यूइटीचं बीप तर तीस-चाळीस ओहमलासुद्धा वाजतं, कारण त्यात मीटर स्वतःचा मिलीअँपिअरमधला करंट सोडतो. तोच आबांचा उंदीर. त्याला वाट मोकळीच दिसते. बैल यायला लागला की वाट किती अरुंद आहे ते कळतं. म्हणून ओहम मोजायचे नाहीत. पूर्ण करंट चालू असताना व्होल्ट मोजायचे.

मग आबांनी वाट अर्धी अर्धी करायला लावली. बॅटरीच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीपर्यंत: ०.१. बॉडीपासून इंजिनापर्यंत: ८.०. चोर सापडला! इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तारांची एक पट्टी असते. तीच गिअरबॉक्सजवळच्या बोल्टखाली हिरवी-पांढरी होऊन कुजली होती. दर पावसाळ्यात नदी फुगली की आमच्या रस्त्यावर चाकभर पाणी येतं, त्या पाण्याचा हा प्रसाद. पट्टी बाहेरून तुटलेली नव्हती. पाच-सहा तारा लागून होत्या. बीप वाजवायला तेवढ्या पुरेशा!

आणि मग एकेक गोष्ट जुळत गेली. दिवे लख्ख का? कारण दिव्यांचा अर्थ बॉडीला, आणि बॉडी ते बॅटरी वायर ठणठणीत. बदललेला सेल्फ तीन आठवडे का चालला? कारण सेल्फ काढताना शेजारचा तो बोल्ट हलला, पट्टी थोडी घासली गेली आणि तात्पुरती वाट मोकळी झाली. पहिली बॅटरी का उतरली? कारण अल्टरनेटरही इंजिनावरच बसलेला. त्याच्या चार्जिंगलाही परतीची वाट तीच. आणि जूनमधली ॲक्सिलेटरची केबल? आबांनी बाबांना विचारलं, "केबल काढली तेव्हा आतून करपली होती का रे?" बाबा म्हणाले, "हो, प्लास्टिक वितळलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, इंजिनाच्या उष्णतेने." आबा म्हणाले, "उष्णतेनं नाही. बैलाला हमरस्ता मिळेना, म्हणून तो त्या बोळातून घुसत होता."

पट्टी एकशे वीस रुपयांना मिळाली. पॉलिश पेपरने दोन्हीकडचं लोखंड चमकेपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. हे सगळं मी केलं. आबांच्या हाताला आता कंप असतो, त्यांच्याकडून स्पॅनर बोल्टवर नीट बसत नाही. ते नुसते "अजून घास, अजून घास" म्हणत राहिले. बाबांनी चावी मारली. इंजिन असं फिरलं की शेजारचे काका दारात आले. मी पुन्हा मोजलं: ०.२.

मी आबांना ओरडून सांगितलं, "शून्य पूर्णांक दोन!" आबा म्हणाले, "अर्थ लागला."

नंतर लायब्ररीत बसून मी या सेल्फचा इतिहास वाचला. पूर्वी गाडीला हँडल मारावं लागायचं. इंजिन उलटं फिरलं की हँडल मनगट मोडायचं. म्हणून जुने लोक हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवत. अमेरिकेत डेटनला चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनीयर होता. त्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिथे त्याच्या लक्षात आलं होतं की मोटर थोडा वेळच चालणार असेल, तर छोट्या मोटरकडूनही मोठं काम घेता येतं. हाच विचार त्याने गाडीत आणला आणि कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलमध्ये विजेचा सेल्फ-स्टार्टर आला. आपलं "सेल्फ" ते इथून आलं. गंमत म्हणजे केटरिंगच्या त्या गल्ल्याच्या कंपनीचं नाव एन.सी.आर. आबांची एन.आर.सी.! एका अक्षराची अदलाबदल. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आमचाच माणूस म्हणायचा."

जुना सेल्फ काही परत मिळाला नाही. तो बदल्यात गेला. चांगला, धडधाकट, निर्दोष सेल्फ होता तो. आता कुणाच्या तरी गाडीत रिकंडिशन्ड म्हणून चालत असेल. मी त्याला गेलेला ठरवलं, कारण करंट बॅटरीतून सेल्फपर्यंत कसा जातो तेवढंच मी पाहिलं. सेल्फमधून तो परत बॅटरीत कसा येतो, ते पाहिलं नाही. सर्किट म्हणजे वर्तुळ, हे पहिल्याच वर्षी पहिल्याच लेक्चरला शिकवतात. जाण्याची वाट जेवढी जाड, तेवढीच येण्याचीही लागते.

ती दोन गेलेली पोरंही परत आलेली नाहीत. कदाचित जूनमध्ये येतील. बाबांनी मला रागावलं नाही. मीच त्या रात्री म्हटलं, "बाबा, सेल्फचे पैसे माझ्यामुळे गेले." ते म्हणाले, "जाऊ दे गं. आता सेल्फ पण नवा आहे आणि बॅटरी पण. दहा वर्षं बघायला नको." दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वीसला मी जागीच होते. त्यांनी व्हॅन चालू केली, बंद केली आणि उगाचच पुन्हा चालू केली. नुसता आवाज ऐकायला.

आता ते कारण. गेल्या वर्षी याच मासिकाच्या इंग्रजी विभागात माझा लेख आला होता. मी अंक घरी नेला होता. बाबांनी माझं नाव आणि फोटो बघितला, पानावरून हात फिरवला. आबांनी अंक देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. तो अजून तिथेच आहे, कुणी वाचलेला नाही. कारण त्या दोघांना वाचता येईल अशा भाषेत तो नव्हताच. पाठवताना सगळं ठीक होतं, बीपसुद्धा वाजलं होतं, पण पोचलं काहीच नव्हतं.

हा अंक मी दिवाळीनंतर घरी नेणार आहे. बाबा, तो "दर वेळी असंच करता" वाला फोन मला आठवतो. त्याबद्दल सॉरी. समोर बसून म्हणायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलंय. आणि आबा, तुम्ही चष्मा लावून सावकाश वाचा. कुठे अर्थ लागला नाही, तर मला हाक मारा. मी मोजून सांगते, कुठे किती खातंय ते.

– टी.ई. (इलेक्ट्रिकल)